मेडिकल हुकलं तर पुढचं काम आधी जवळून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी बाबांच्या वेळेपासून येतो पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा रिझल्ट लागून दीड महिना होत आला, काउन्सेलिंग सुरू झालंय आणि आमच्या सुदामा नगरात कुठल्याही घरी जा, एकच विषय, किती आले, कुठे मिळेल, परत ड्रॉप घेणार का, म्हणजे आणखी एक वर्ष घरी बसून तीच तयारी करणार का.

माझ्या भाचीचं यंदाही राहिलं. दुसरा अटेम्प्ट होता. ४ मेला इंदूरला वादळ आलं, लाईट गेली, बऱ्याच सेंटरवर मुलांनी अंधारात नाहीतर मेणबत्तीच्या उजेडात पेपर दिला हे तुम्हीच छापलं होतं, तिचं सेंटर पण त्यातलंच. मुलं हायकोर्टात गेली, परत परीक्षा घ्या असा निकाल एकदा आलाही, आणि याच जुलैमधे मोठ्या बेंचनी तो रद्द केला. भाची त्या केसमधे नव्हती तरी आमची ताई रोज सकाळी आधी तीच बातमी शोधायची. त्या सगळ्यात पोरीला पुढे काय करायचंय हे दीड महिना कोणी विचारलंच नाही, मी पण नाही विचारलं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतंय.

आकडे एकदा नीट बघा. यंदा, म्हणजे २०२५ मधे, २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली, १२ लाखांवर क्वालिफाय झाली, आणि एमबीबीएसच्या सीटा अख्ख्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही जवळपास अर्ध्या प्रायव्हेट कॉलेजांच्या. ओपनचा कटऑफ ७२० पैकी १४४ होता. १४४ वाला क्वालिफाय होतो, घरात पेढे येतात, पण सरकारी सीट त्याच्यापासून फार लांब असते. हे मामा-काका लोकांना माहीत नसतं आणि ते पोरांना विचारतात, क्वालिफाय झालास ना, मग अडलं कुठे? त्या प्रश्नाला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी काय उत्तर द्यायचं?

मी यातून गेलेय म्हणून लिहितेय. १९९० आणि ९१, दोनदा पीएमटी, म्हणजे तेव्हाची मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, दोन्ही वेळा राहिलं. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालेलं नव्हतं आणि एवढ्या मोठ्या मध्यप्रदेशात सरकारी मेडिकल कॉलेजं मोजून सहा, इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ, जबलपूर, रीवा आणि रायपूर. तिसऱ्यांदा द्यायची माझी तयारी होती पण बाबांची मिल बंद पडली, त्या वर्षांत इंदूरच्या मिला एकामागून एक बंद होत होत्या, आणि धाकट्या दोन बहिणी शाळेत. मग बीएससी केलं, त्याच्यावर डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमा केला, आणि एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत लागले. आई लोकांना सांगायची, मेडिकलला नंबर नाही ना लागला म्हणून लॅबमधे आहे. तिच्या मनात वाईट काही नव्हतं पण ते वाक्य मी सात-आठ वर्षं ऐकलं आणि माझं काम म्हणजे उरलेलं काम आहे असं मला पण वाटायला लागलं होतं.

ते वाटणं एका रात्री गेलं. नाइट ड्यूटी होती, सकाळी एका बाईचं गर्भाशयाचं ऑपरेशन, वॉर्डातून सॅम्पल आलं, फॉर्मवर लिहिलेलं ओ पॉझिटिव्ह, दोन बाटल्या तयार ठेवा. ग्रुप बघताना आम्ही आधी पेशंटच्या रक्तात अँटी-ए आणि अँटी-बी ही तपासणीची द्रावणं घालून बघतो, दोन्हीत गाठी झाल्या नाहीत म्हणजे ओ. मग उलटीकडून बघतो, पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग घ्यायचा आणि त्यात ए, बी आणि ओ ग्रुपच्या सेल्स घालायच्या. ओ माणसाच्या सीरममधे ओ सेल्सच्या गाठी होत नाहीत. त्या रात्री झाल्या. ट्यूब हळूच हलवून ट्यूबलाईटसमोर धरली तर तळाशी लाल कण घट्ट चिकटलेले, सुटेचनात. मला वाटलं माझीच काहीतरी चूक झाली, सेल्स परत धुतल्या, नवीन ट्यूब घेतली, परत तेच. क्रॉसमॅच लावला, म्हणजे बाटलीतलं रक्त पेशंटला जुळतं का बघितलं, तर फ्रीजमधली ओ ची एकही बाटली जुळेना. तेव्हा डोक्यात आलं की ही बॉम्बे ग्रुपची पेशंट असणार, तो ओळखायचं अँटी-एच द्रावण लावून बघितलं आणि तसंच निघालं.

हा ग्रुप १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला म्हणून त्याला बॉम्बे म्हणतात, आपल्याकडे साधारण दहा हजारात एखादा माणूस असतो. वरवर बघितलं तर ओ च दिसतो, पण त्याला ओ चं रक्त दिलं तर जिवावर बेततं. मी बाटल्या द्यायला नाही म्हटलं, सकाळी साडेपाचला मोठ्या डॉक्टरांना फोन करून उठवलं, ऑपरेशन पुढे ढकललं, आणि दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा एक डोनर बसनी आला आणि रक्त देऊन गेला. त्या बाईच्या नवऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं की तारीख बदलली म्हणून ऑपरेशन लांबलं. त्याच्यानंतर आई लोकांना काय सांगते याचा मला कधी त्रास झाला नाही.

तर मागच्या शनिवारी मी भाचीला घेऊन ब्लड बँकेत गेले. म्हटलं मला जे आवडलं ते हिला पण आवडेल, आणि खरं सांगते, तिला अजिबात नाही आवडलं. अर्ध्या तासात कंटाळली, मावशी इथे माणसं कुठेत म्हणाली. मला थोडं लागलं पण बरोबर होतं तिचं, आमच्याकडे माणूस येत नाही, त्याची ट्यूब येते. मग तिला दुसऱ्या मजल्यावर ऑडिओलॉजीत, म्हणजे ऐकू येतं का तपासतात त्या विभागात नेलं, तिथल्या मॅडम माझ्या ओळखीच्या. दोन वर्षांचा एक मुलगा होता, नवीन मशीन कानात लावलेलं, मॅडमनी त्याच्या मागे उभं राहून डमरू वाजवला. पोरगा हातातली गाडी सोडून जागीच थांबला, मग पूर्ण वळून बघितलं, मग आईकडे बघितलं. त्याच्या आईनी पदर तोंडाला लावला. भाची तिथे दीड तास बसली, मला खाली निरोप पाठवला की तू जा, मी नंतर येते.

घरी येताना ती मला शिकवत होती, की बाळाच्या कानाची तपासणी पहिल्या महिन्यात व्हायला पाहिजे, दोष असला तर तीन महिन्यांच्या आत कळायला पाहिजे आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला पाहिजेत, उशीर झाला तर बोलणं येणं कठीण होत जातं. दोन वर्षं नीटची पुस्तकं उघडी असायची पण इतकं भरभरून ती एकदाही बोलली नव्हती. या ऐकण्या-बोलण्याच्या दोषांच्या कामाचा चार वर्षांचा कोर्स आहे, बीएएसएलपी, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कॉलेजला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते, ती आम्ही बसून एकेका कॉलेजची तपासली.

तपासण्यावर जोर देतेय त्याला कारण आहे. आपल्याच राज्यात नर्सिंग कॉलेजांची हायकोर्टाच्या आदेशानी सीबीआय चौकशी झाली, मुलामुलींच्या परीक्षा लांबत गेल्या, वर्षं गेली त्यांची. आणि रिझल्टनंतर एजंट लोकांचे जे फोन येतात ना, बाहेर देशात एमबीबीएस करून देतो म्हणून, ते हे सांगत नाहीत की परत आल्यावर इथे डॉक्टरकी करायला एफएमजीई नावाची परीक्षा पास व्हावंच लागतं, ३०० पैकी १५० मार्क, आणि त्यात खूप मुलं अडकून बसतात. ताईला असे तीन फोन आले, एकानी तर प्लॉट विकायचा सल्ला दिला.

फिजिओथेरपी आहे, बीफार्म आहे, ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासायचं काम आहे. महूला १९५५ पासूनचं व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथे नीटचेच मार्क चालतात, आमच्या गल्लीतला एक मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि रात्री-बेरात्री विताना अडलेल्या गाई-म्हशी सोडवायला जातो. पण माझं म्हणणं एवढंच आहे की यातलं काहीही भरायच्या आधी पोराला एक पूर्ण दिवस ते काम जिथे चालतं तिथे नेऊन बसवा. आपण साडी घ्यायला राजवाड्यावर चार दुकानं फिरतो आणि पोराचं आयुष्य ब्रोशर बघून ठरवतो. आवडलं नाही तर नाही म्हणू द्या, दुसरीकडे न्या. आणि ज्याला तिसरा ड्रॉप घ्यायचाच आहे त्यानी जरूर घ्यावा, पण तो मुलाचा निर्णय असावा, ताईंचा नाही आणि भंवरकुआंच्या क्लासवाल्यांचा तर नाहीच नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही टॉपर मुलांचे फोटो छापता, छापलेच पाहिजेत, मेहनत असते त्यांची. पण काउन्सेलिंग चालू आहे तोवर आठवड्यातून एकदा अर्धं पान या बाकीच्या कामांना द्या. इंदूरमधल्याच एखाद्या लॅबवाल्याला, फिजिओला, ऑडिओलॉजिस्टला, जनावरांच्या डॉक्टरला विचारा की सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय करता, सुरुवातीला पगार किती होता, कशानी थकायला होतं. ब्लड बँकेचं मी लिहून देईन, नाइट ड्यूटी आणि कमी पगाराची वर्षं धरून सगळं.

भाचीचे फॉर्म भरून झालेत, दोन ठिकाणचे. ताई अजून शेजारी सांगते की ती पुढच्या वर्षी परत देणार आहे. माझं तोंडी ती ऐकत नाही, पण तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, म्हणून हे पत्र शक्यतो या रविवारी छापा.

आपली,
ब्लड बँकेत काम करणारी एक वाचक
सुदामा नगर, इंदूर