तक्रार: महायुद्धातला म्हणून विकलेला नवाकोरा रेंजर स्क्रोल

प्रति,
व्यवस्थापक, लिलाव विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. तिथे पुन्हा बोलायची इच्छा उरलेली नाही, म्हणून हे लेखी.

वस्तू कोणती ते तुम्हाला माहीत आहे: अमेरिकी लष्कराच्या 'रेंजर' या कमांडो दलाचा स्क्रोल, म्हणजे बाहीवर खांद्यापाशी शिवायचा पट्टीसारखा कापडी पॅच. कॅटलॉगमध्ये तुम्हीच छापलंत: पहिली रेंजर बटालियन, खांद्यावरचा स्क्रोल, दुसरं महायुद्ध, अस्सलपणाची हमी. हातात आलेल्या पॅचच्या काठाला जाड, फुगीर ओव्हरलॉक शिवण आहे आणि त्या शिवणीचं उरलेलं शेपूट मागे डिंकाने चिकटवलंय. अमेरिकी पॅचवर अशी किनार सर्रास दिसू लागली ती 1960च्या दशकात. अंधारात अतिनील दिवा धरला तर पांढरी अक्षरं निळसर पेटतात, ही नव्या धाग्याची खूण. नव्या पावडरीत धुतलेलं जुनं कापडही असं चमकतं, त्यामुळे मी नुसत्या दिव्यावर विसंबलो नाही. पण काठाचं काय? तुमच्या तज्ज्ञांनी पॅच एकदा उलटा करून पाहिला असता तरी पुरे होतं.

हे सगळं मी फोनवर शांतपणे सांगितलं. पलीकडच्या गृहस्थांनी मला होल्डवर ठेवलं, परत आले आणि म्हणाले, "सर, हा बॅज अनधिकृत होता ना? मग त्यात अस्सल-नकली असं काही नसतंच." मी म्हटलं, असतं. 1943 साली एखाद्या सैनिकाच्या बाहीवर शिवलेला तो अस्सल, काल मशीनमधून निघालेला तो नकली. त्यावर म्हणाले, "पण दिसायला तर सेमच आहे ना?" मग हमी कशाची दिलीत, असं विचारलं तर, "हमी डिझाइनची आहे, सर." डिझाइनची! आणि वर, "तुमचं समाधान झालं का?" नाही झालं.

अनधिकृत होता म्हणूनच त्याला मोल आहे. जून 1942मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कॅरिकफर्गसला विल्यम डार्बी यांच्या हाताखाली ही बटालियन उभी राहिली. काळी पट्टी, पांढरी अक्षरं, लाल काठ ही खूण त्या पोरांनी स्वतःची म्हणून लावली. पुढे 1943मध्ये लष्कराने रेंजर्ससाठी निळा हिऱ्याच्या आकाराचा पॅच मंजूर केला. सनोको पेट्रोलच्या फलकासारखा दिसतो म्हणून तो अनेकांना आवडला नाही आणि डार्बींची माणसं आपला स्क्रोलच लावत राहिली. 30 जानेवारी 1944ला इटलीत चिस्टेर्नावर चालून गेलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनच्या 767 जणांपैकी 6 परत आले. त्याच वर्षी पहिली बटालियन मोडली. तेव्हाचे खरे स्क्रोल किती थोडे उरले असतील, याचा विचार तुम्हीच करा.

त्या स्क्रोलला सरकारी ठेका नव्हता, ठरलेला नमुना नव्हता. मिळेल त्या शिंप्याकडून, मिळेल त्या धाग्यात ते शिवून घेतलेले. त्यामुळे ताडून पाहायला सरकारी कागद नाही. कापड, टाका आणि विकणाऱ्याचा शब्द, एवढ्यावरच आम्ही संग्राहक पैसे मोजतो. तो शब्द तुम्ही दिलात आणि आता म्हणता डिझाइनची हमी! 1980च्या दशकात लष्कराने हीच रचना आजच्या रेंजर्ससाठी अधिकृत केली, त्यामुळे नवे पॅच हवे तेवढे मिळतात. त्यातलाच एक तुम्ही मला महायुद्धातला म्हणून पाठवलात, याबद्दल मला शंका नाही. पुन्हा सांगतो, काठ बघा. एकदा तरी काठ बघा.

तुमच्या कॅटलॉगवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं मी नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांना सांगत आलो. ते यापुढे सांगणार नाही. झालं ते मात्र ओळखीच्या प्रत्येक संग्राहकाला फोटोंसकट सांगणार आहे.

पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम, लिलावाच्या कमिशनसह, परत हवी. पॅच परत नेण्याचा खर्च तुमचा. 'स्टोअर क्रेडिट' नको, तुमच्याकडून मला आता काहीही घ्यायचं नाही. शिवाय हा पॅच पुन्हा त्याच वर्णनाने विकायला ठेवणार नाही, हे लेखी द्या. नाही दिलंत तर ग्राहक न्यायालयात जाईन. काठाचे, मागच्या बाजूचे आणि दिव्याखालचे फोटो तयार आहेत.

आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच. ते त्या गृहस्थांकडे पाठवू नका, तुम्ही स्वतः ऐका.