विमानाच्या तिकिटावरची वेळ वाचताना

मा. संपादक,

खानदेशातून शिकायला, नोकरीला परदेशी जाणारे तिकिटावरचे आकडे थेट वजा करतात, तिथेच घोळ होतो. मुंबईहून दुपारी 2 ला सुटलेलं विमान लंडनला संध्याकाळी 6.30 ला उतरतं असं छापलेलं असलं, तरी प्रवास साडेचार तासांचा नसतो. दोन्ही वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे खरे 10 तास. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेचारच धरावा.

सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. ताशी 900 च्या वेगाने 8 तास व्हायला हवेत. पण 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात. समोरून 100 चा वारा असेल तर जमिनीवरचा वेग 800 उरतो आणि 9 तास लागतात. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास लवकर संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि बंद हवाई हद्दींना घातलेला वळसा वेगळाच.

आणि जळगाव ते मुंबई हे रेल्वेचे 420 किलोमीटर हिशेबात कोण धरतं? विमानतळावर 3 तास आधी पोहोचायचं, गाडीला उशीर होणार हे गृहीत धरायचं. दुपारच्या विमानासाठी पहाटे मुंबईत पोहोचणारी गाडी धरा, सकाळची नको.

एक वाचक, जळगाव