पाटीचा फोटो छापा, पण ती कोणी आणि का लावली तेही छापा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात वाचकांनी पाठवलेले गमतीदार पाट्यांचे, चमत्कारिक दृश्यांचे फोटो येतात. ते पान मी आवडीनं पाहतो. मध्यंतरी त्यात आमच्या दारव्हा भागातल्या एका वावराचा फोटो होता. चारही धुऱ्यांवर रंगीबेरंगी साड्या बांधलेल्या, आणि खाली ओळ होती, 'शेतात भरले साड्यांचे प्रदर्शन!' गावात तो अंक हातोहात फिरला. ज्याचं वावर होतं त्यानंही पाहिला. तो काही बोलला नाही, पण त्याच्या बायकोला ती ओळ फार लागली. त्या साड्यांतल्या काही तिच्या अंगावरच्या होत्या.

सोयाबीन, तूर उभी राहिली की आमच्याकडे रात्री रोही (नीलगायी) आणि रानडुकरांचे कळप वावरात उतरतात. डुकरं खातात त्याहून जास्त उकरून आणि लोळून नासवतात. रोह्याला साधी तार अडवत नाही, तो तिच्यावरून उडी मारतो. उंच जाळीचं कंपाउंड सगळ्या वावराला करायचं तर तेवढा पैसा कोरडवाहू कास्तकारानं आणायचा कुठून? म्हणून घरातल्या जुन्या साड्या निघतात. त्या पुरल्या नाहीत तर आठवडी बाजारात किलोवर मिळणाऱ्या जुन्या साड्या आणायच्या आणि खुंट्या ठोकून धुऱ्यानं ताणायच्या. वाऱ्यानं पदर हलला की आत माणूस असल्यासारखं जनावराला वाटतं. काही दिवसांनी जनावर सरावतं. मग मधे मधे रिकाम्या बाटल्या टांगायच्या, त्या एकमेकींवर आपटून वाजतात. त्यालाही सरावलं की भोंगा. कुत्र्याचं भुंकणं, माणसाची हाळी असं काहीबाही त्यात भरलेलं असतं आणि ते रात्रभर वाजत राहतं. इतकं करूनही मचाणावर जागलीला कोणीतरी लागतंच.

अशाच वावरांवर 'सावधान, झटका मशीन चालू आहे' अशा पाट्या असतात. त्यांचेही फोटो निघतात. बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं हे यंत्र तारेत थांबून थांबून अगदी क्षणभराचा झटका सोडतं. त्यानं जनावर बिचकतं, मरत नाही. ज्याला हे यंत्र परवडत नाही त्यातला एखादा खांबावरून सरळ आकडा टाकतो. त्या उघड्या तारेला चिकटून माणसं आणि वाघसुद्धा मेल्याच्या बातम्या आपल्याच पेपरात येतात. तेव्हा ती पाटी पाहून मला तरी बरं वाटतं. या माणसानं नीट मार्ग धरला आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगूनही ठेवलं आहे.

मी नोकरीची सगळी वर्षं एसटीत वाहक म्हणून काढली. खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांत असल्या पाट्या रोज दिसायच्या. त्यातली एक सांगतो. आमच्या एका मार्गावर नाल्यावर ठेंगणा पूल आहे, कठडा नसलेला. पुलाच्या तोंडाशी एक काळा दगड पुरलेला आहे, गुडघ्याएवढा उंच. त्याचा वरचा अर्धा भाग चुन्यानं पांढरा केलेला. बाजूच्या बाभळीला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला आहे आणि त्यावर निळ्या ऑइल पेंटनं लिहिलं आहे, 'दगड दिसेना तर घरी जा.' नवख्या माणसाला हसू येईल अशीच पाटी आहे. पण त्या नाल्याचं असं आहे की इथं ऊन असतं, पाऊस वर डोंगरात पडतो, आणि बघता बघता लोंढा येतो. गढूळ पाण्याखाली पूल किती बुडाला ते वरून कळत नाही, दगडावरून कळतं. पांढरं बुडायला लागलं म्हणजे पुलावर मोटारसायकल तर सोडाच, बैलबंडीही घालायची नाही. आमचे चालक खाली उतरून तो दगड पाहायचे आणि मगच गाडी घालायचे. कितीदा तरी पाणी उतरेपर्यंत भरली गाडी अलीकडे उभी ठेवली आहे. त्या दगडाला गावातली पोरं मिरगाच्या आधी दरवर्षी चुना मारतात. ना त्याचं टेंडर निघतं, ना कोणाला मजुरी मिळते.

काही पाट्यांना तर जिल्ह्याचा इतिहास चिकटलेला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या डोर्लीच्या लोकांनी २००५च्या सुमारास 'गाव विकणे आहे' असं जाहीर केलं होतं. दुरून वाचणाऱ्याला तो विक्षिप्तपणा वाटला असेल. कर्ज, नापिकी आणि कापसाचा पडलेला भाव यांनी पिचलेल्या अख्ख्या गावाचा तो अर्ज होता.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गोंड गावाची घोषणा. वाचून कोणी म्हणेल, एवढ्याशा गावाची काय ही भाषा! पण तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बसते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू वाहतुकीच्या पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, म्हणजे बांबू बाहेर न्यायचा परवाना गाव स्वतःच देऊ लागलं. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी ती घोषणा वर्षानुवर्षं जगून दाखवली आहे. तिचा फोटो छापायचा तर एवढं तरी सोबत द्यायलाच हवं.

आमच्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवरही लोक फोटो काढतात. 'थांबा, पाहा, मग जा' अशी पाटी, आणि पुढं रुळांमधे माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या बाभळी. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ही अडीच फुटी रुळांची गाडी इंग्रज कंपनीनं वऱ्हाडचा कापूस वाहायला सुरू केली. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन १९२३पासून १९९४पर्यंत तिला ओढत होतं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे. पाटी मात्र कोणी काढत नाही आणि काढू नये असंच मला वाटतं. हा मार्ग ब्रॉडगेज व्हावा म्हणून इथल्या माणसांनी किती निवेदनं दिली, किती वेळा रुळांवर बसली! गरिबाला परवडणारी तीच एक गाडी होती. पाटी निघाली की मार्ग होता हेही पुढच्यांना पटवून द्यावं लागेल.

प्रत्येक विचित्र गोष्टीमागं शहाणपण असतंच असं मी म्हणत नाही. दारासमोर लाल पाण्याच्या बाटल्या टांगतात, कुत्रं घाण करत नाही म्हणून. कुत्र्याला लाल रंग नीट ओळखताच येत नाही. बाटलीशेजारीच बसलेली कुत्री मी पाहिली आहेत. हे असंही फोटोखाली छापा, लोकांच्या कामी येईल.

तर माझी विनंती एवढीच आहे. फोटो पाठवणाऱ्याकडून गाव आणि तालुका लिहून घ्या, आणि पाटी कोणी लावली, कशासाठी लावली हे तिथल्या माणसाला विचारूनच पाठवा अशी अट घाला. दोन ओळी पुरतात. गाडी थांबवून फोटो काढणाऱ्याला विचारायला तेवढाच वेळ लागतो. शिवाय हे पान फक्त फिरायला निघालेल्यांवर सोडू नका. एसटीचे चालक-वाहक, पोस्टमन, वीज मंडळाचे लाइनमन, आशाताई, वनरक्षक हे लोक रोज त्याच रस्त्यांनी जातात. कोणती पाटी कोणत्या पुरानंतर लागली, कोणत्या अपघातानंतर लागली ते त्यांना ठाऊक असतं. त्यांना उद्देशून एकदा आवाहन छापलंत तर आमच्या डेपोच्या विश्रांतिगृहात मी स्वतः नेऊन चिकटवीन आणि येणारे फोटो गोळा करून आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त एसटी वाहक), ता. दारव्हा, जि. यवतमाळ