क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: परवान्याचा रकाना कुठे आहे?

माननीय क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाच्या कार्यक्रमात, कंत्राटी प्रशिक्षकांचं थकलेलं मानधन दिवाळीआधी जमा होईल असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. दिवाळी होऊन गेली, खात्यात छदाम नाही. त्यात परवा भरतीची जाहिरात आली आणि तिच्यात फुटबॉल प्रशिक्षकाच्या परवान्याला रकानाच नाही! चौकशीला गेलो, तर खिडकीतल्या साहेबांनी माझा सी परवाना उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "गाडीचा आहे का हा?" रांगेत माझ्यामागे माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा उभा होता. त्याच्याकडे वळून बघायची हिंमत झाली नाही.

मी विद्यापीठाच्या संघात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळायचो. शेवटच्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि खेळ संपला. प्रशिक्षक हो, पण रीतसर हो, असं सगळ्यांनी सांगितलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पायऱ्या ई, डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. दर पायरीला फी, प्रवास आणि बुडालेला रोज. सी परवान्यासाठी मी मोटरसायकल विकली. आता चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून मैदानावर चालत जातो. पहाटे फक्की मीच मारतो, कोन मीच मांडतो. ३२ पोरं, सहा चेंडू, त्यातल्या दोनांची शिवण उसवलेली.

पण शिकलो त्याचा पश्चात्ताप नाही. आधी मी दहा वर्षांच्या पोरांना नुसत्या फेऱ्या मारायला लावायचो, कारण आम्हाला तसंच शिकवलं होतं. खेळता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे त्या वर्गात बसल्यावर कळलं. आता पहिल्या मिनिटापासून पोरांच्या पायात चेंडू असतो. हा फरक तुमच्या जाहिरातीला दिसत नाही.

व्यावसायिक क्लबात जा, असंही सांगतात. २०२५-२६चा आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम करारावरून अडकला तेव्हा काही क्लबांनी पगार थांबवले होते. तिथेही जमीन पायाखालून सरकतेच.

१९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं जिंकून देणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते, उस्मानिया विद्यापीठाकडून खेळलेले. त्यानंतर फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण आलेलं नाही. कारणं आपण पोरांच्या उंचीत शोधतो, खाण्यात शोधतो. शिकवणाऱ्याचं घर कसं चालतं ते कुणी विचारत नाही. स्टेडियमला निधी मिळतो, कोनशिलेला मिळतो, उद्घाटनाच्या मांडवाला मिळतो. माणसाची वेळ आली की फाइल फिरत राहते. मानधन थकून आठ महिने झाले, साहेब. घरात मुलीच्या फीचा विषय निघाला की मी मैदानावर निघून जातो.

मानधन द्या आणि जाहिरात दुरुस्त करा. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. रकाना त्याआधी हवा.

आपला,
एक कंत्राटी फुटबॉल प्रशिक्षक