मडगावच्या स्टुडिओवाल्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. आमच्या आजोबांच्या अल्बममधला तो फोटो तुम्ही उलगडून दिलात, त्याचे आभार नुसते तोंडी मानून माझे समाधान होईना. शिवाय ज्यांच्या घरी असे फोटो ट्रंकेत पडून आहेत त्यांनाही तुमची रीत कळावी, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

फोटोत रेल्वेचा फलाट आहे, कोट आणि काळी टोपी घातलेले आजोबा आहेत, नऊवारीतली आजी आहे आणि बाजूला वळकटी व झाकण उघडलेली पत्र्याची ट्रंक आहे. अल्बमच्या काळ्या पानावर आत्याने पांढऱ्या शाईने ‘मुंबईस जाताना, १९५७’ असे लिहून ठेवले होते. मागच्या फलकावरची शेवटची ‘ई’ आणि ‘एम’ ही रोमन अक्षरे तेवढी वाचता येत होती, आणि आमचे घर कुडचड्याचे, तिथले स्टेशन सावर्डे (Sanvordem), त्यामुळे हे सावर्डेच असे मी ठरवून मोकळी झाले होते.

भिंग लावल्यावर तुम्ही फलकाकडे नंतर वळलात, आधी ट्रंकेबद्दल विचारलेत: गाडीने निघालेला माणूस भर फलाटावर सामान उघडून का ठेवील? पोर्तुगीज अमदानीत हद्दीबाहेर जाणाऱ्यांच्या सामानाची जकात-तपासणी कुळे स्टेशनावर होई, आणि दूधसागराजवळून घाट चढून गाडी कॅसलरॉकला पोहोचली की पलीकडच्या सरकारची तपासणी वेगळी, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा आजीच्या कपाळावरच्या आठीचाही अर्थ लागला. (इतकी वर्षे आम्ही ती उन्हाची समजत होतो.) मग फोटो मोठा करून पाहिला, तर ज्याला मी ‘डी’ धरून चालले होते त्या अक्षराला पोटच नव्हते, तो ‘एल’ होता. स्टेशन सावर्डे नव्हे, कुळेच (Collem).

सालाचेही तसेच झाले. भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी कडक केल्यावर १९५५ मध्ये या मार्गाने सीमा ओलांडणे बंद झाले आणि ते मुक्तीनंतरच पुन्हा सुरू झाले, त्यामुळे लोंढा, मिरज करत आणि पुण्याला मीटरगेज सोडून मोठ्या गाडीत बसत गिरगाव गाठण्याचा आजोबांचा तो प्रवास १९५७ चा असूच शकत नाही. मी लगेच आत्याची ओळ खोडायला निघाले, तर तुम्ही माझा हात धरलात. चूक असली तरी ती आत्याच्या हातची नोंद आहे, ती राहू द्यावी आणि आपले म्हणणे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे, असे तुम्ही म्हणालात. माझ्या मते तुमच्याकडून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

दुसरा फोटो मात्र वाचला नाही, आणि तो दोष माझा. एका दुकानातून मी तो हौसेने लॅमिनेट करून आणला होता. पावसाळ्याची ओल त्यातही शिरली आणि आता प्लास्टिक सोलायला जावे तर चेहराच निघून येतो. तुम्ही रागावला नाहीत, नुसता सुस्कारा टाकलात, त्याने अधिक लागले. पाठीमागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला, डिंक व चिकटपट्टी लावायची नाही, प्रत्येक फोटो आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवायचा, हे सगळे आता घरात काटेकोर पाळले जाते.

तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या, आणि गल्फला गेलेल्यांच्या पासपोर्ट फोटोंच्या निगेटिव्हनी भरलेले तुमचे खण त्या दिवशी मी पाहिले. त्यांची यादी करायला माणूस हवा असेल तर रविवारी मी येऊ शकते. तुम्ही पैसे घेतले नाहीत, तेव्हा एवढे तरी करू द्या.

ती ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. चवथीला घरी या, खाली काढून ठेवते.

आपली नम्र,
कुडचड्याची एक नात