शेवटच्या डिव्हिजनचं काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थायलंडला २-१ असं हरवून भारतीय मुली आशियाई चषकाला पात्र ठरल्या, तेव्हापासून आपल्या क्रीडा पानावर महिला फुटबॉल दिसू लागलाय. बरं वाटतं. पण चर्चा सगळी वरच्या टोकाची. मी अगदी खालच्या टोकाची खेळाडू, म्हणून हे पत्र.

मी मूळची कोल्हापूरची. वडिलांचं बोट धरून शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या तालीम संघांचे फुटबॉल सामने बघितले, घसा बसेपर्यंत ओरडले. चेंडूला पाय लावला तो मात्र वयाच्या चौतिसाव्या वर्षी, लंडनमध्ये. इथे सगळ्यात वर चेल्सी-आर्सेनलची सुपर लीग. तिथून उतरत आलं की पाचव्या-सहाव्या पायरीवर लंडन आणि आग्नेय इंग्लंडची प्रादेशिक लीग. तिच्यात प्रीमियर आणि त्याखाली उत्तर-दक्षिण अशा दोन डिव्हिजन. सातव्या पायरीपासून ग्रेटर लंडनची लीग, आणि तिच्या तळाला आम्ही. जिंकलं की वर चढायचं, हरलं की खाली यायचं. तळाला असलं की पडायची भीतीच नाही, हे सुख वेगळंच.

दर रविवारी गोलला जाळी आम्हीच बांधतो. जानेवारीत बोटं अशी गारठतात की टेपचं टोक सापडत नाही. पंच येतात, मैदानात टाच रोवून बघतात. टाच रुतली नाही, म्हणजे जमीन गोठलेली, सामना रद्द. संक्रांतीच्या आठवड्यात असंच झालं, आणि मी नेलेला तिळगूळ पार्किंगमध्येच संपला. आमची गोलकीपर त्रेचाळीस वर्षांची नर्स, रात्रपाळी करून थेट मैदानावर. पहिल्या हंगामात आम्ही एक सामना ०-९ हरलो. पुढच्या रविवारी आमच्याइतक्याच कच्च्या संघाशी ३-३. त्या बरोबरीनं आमचा संघ टिकला.

हे इथेही आपसूक आलेलं नाही. १९२० साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक जमले, आणि पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशननं आपल्या संलग्न क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. ती बंदी उठायला पन्नास वर्षं गेली.

माझी भाची तिकडे कोल्हापुरात एका स्पर्धेत खेळली. शाळकरी मुलींचा नवा संघ, आणि पहिल्याच फेरीत वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांशी गाठ. ०-१४. बाद पद्धत, त्यामुळे तासाभरात वर्षभराचा फुटबॉल संपला. बूट माळ्यावर गेले ते अजून तिथेच आहेत.

कोल्हापुरात पोरांच्या लीगला वरिष्ठ गटाखाली ए, बी, सी अशी उतरंड आहे, तालमीतल्या पोराला कुठे ना कुठे जागा मिळतेच. मुलींच्या बाबतीत वरची पायरी आपण गाठली. कोल्हापूर सिटीचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आला. आता खालची बांधा. सहा-सात कच्चे संघ, साखळी पद्धत, रविवारी सकाळी सामने, बाद कुणीच नाही. प्रमुख पाहुणे नकोत, हारतुरे तर नकोतच. एक पंच आणि कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी, एवढं पुरे.

दिवाळीत मी कोल्हापुरात आहे. तोवर कुणी असं काही काढलंच, तर जाळी बांधायला येते. टेप माझा.

– एक कोल्हापूरकर वाचक, वॉल्थमस्टो, लंडन