सेंदाईच्या ओओयासानना

ओओयासान,

तुमच्या हातात दिलेलं जपानी पत्र वेगळं. ते तुमच्या रीतीने लिहिलंय: आधी ऋतू, मग तब्येतीची चौकशी, मग नम्रपणे आभार. त्यात माझ्या मनातलं निम्मंही उतरलं नाही, म्हणून हे मराठीत. तुम्हाला वाचता येणार नाही, पण आमच्याकडच्या चार माणसांना तुम्ही कळायला हव्यात. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही; ओओयासान, म्हणजे घरमालकीणबाई, एवढंच पुरे.

२०२० च्या सप्टेंबरात इथे, जपानमधल्या सेंदाई शहरात, माझी वसतिगृहाची मुदत संपली आणि मी खोली शोधायला लागले. दलालांच्या ऑफिसात खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, अदबीत काही कमी नव्हतं. मग समोरचा माणूस घरमालकाला फोन लावायचा आणि पहिलंच विचारायचा, ‘परदेशी आहेत, चालेल का?’ मी कोण, काय शिकते, भाडं किती झेपतं, हे सांगायची वेळच यायची नाही. फोन ठेवून तो इतकं वाकून माफी मागायचा की उलट मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. पुण्याच्या ज्या कन्सल्टन्सीने रग्गड फी घेऊन ‘तिकडे सगळी सोय होते’ म्हटलं होतं, तिने तेव्हा फोन उचलला नाही. आपल्याच सीनियर मंडळींना ग्रुपवर विचारलं, तर जोडलेल्या हातांचे इमोजी आले. खोली कुणी सुचवली नाही.

हे एकट्या माझ्या नशिबाचं नव्हतं. जपानच्या न्याय मंत्रालयाने केलेली परदेशी रहिवाशांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यात घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी सांगितलं की परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. पण जपानला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते. आडनाव विचारून, जेवणात काय चालतं ते विचारून खोली नाकारणारे मालक मी पुण्यातही पाहिलेत, आणि तिथे तर चहाही मिळत नाही.

तुम्ही एकच विचारलंत, ‘घर जुनं आहे, थंडी सोसेल ना?’ रेइकिन, म्हणजे मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी ती महिन्याभराच्या भाड्याएवढी भेट, तुम्ही घेतली नाहीत. राष्ट्रीय विद्यापीठाची वर्षाची फी ५,३५,८०० येन आणि व्हिसावर आठवड्याला २८ तासच काम करायची मुभा, अशा हिशोबात ती केवढी मोठी सवलत होती, ते माझ्या वहीला ठाऊक.

पण मी हे लिहितेय ते त्या पैशांसाठी नव्हे. तुमच्या पेन्सिलीसाठी.

गल्लीत घरोघर फिरणारा कायरानबान, म्हणजे सूचनांची पाटी, पहिल्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा मला वाटलं, चुकून आला. पाटीला लावलेले कागद, नुसत्या कांजींनी, म्हणजे चिनी चित्राक्षरांनी, भरलेले: कचऱ्याचे बदललेले वार, बागेची साफसफाई, भूकंप झाला तर जमायची जागा. आणि जवळपास प्रत्येक कांजीच्या डोक्यावर पेन्सिलीने, बारीक हिरागानात, म्हणजे सोप्या उच्चारलिपीत, उच्चार लिहिलेला. लहान मुलांच्या पुस्तकात छापतात तसा. चष्मा लावून तुम्ही किती वेळ बसला असाल! मला बोलावून वाचून दाखवणं केवढं सोपं होतं. सारांश सांगता आला असता. किंवा ‘हिला कशाला’ म्हणून पाटी थेट पुढच्या घरी देता आली असती, बहुतेकांनी तेच केलं असतं. तुम्ही धरून चाललात की ही वाचेल. त्या वर्षी बाकी सगळे माझ्याशी मोठ्याने आणि तुटक बोलत होते, जणू मी बहिरी. तुम्ही मला गल्लीतलं एक घर मानलंत. मी सही करून पाटी शेजारी नेऊन दिली. तिथल्या शाळकरी पोराचंही त्या पेन्सिलीवर भागायला लागलं, हे त्याच्या आईनेच मला हसत सांगितलं.

पुढे पुढे तुमची अक्षरं विरळ झाली. मला जे आता येतं, ते तुम्ही गाळायला लागलात. ते तुम्हाला कसं कळायचं, देव जाणे!

परवा, १६ मार्च २०२२ ला रात्री साडेअकरानंतर लागोपाठ दोन धक्के बसले. दुसरा ७.४ चा. मी धडपडत खाली आले, तर तुम्ही तातामीवर, घरातल्या त्या चटयांवर, चक्क बूट घालून बसलेल्या. ज्या बाईने दीड वर्षात मला उंबऱ्याच्या आत चप्पल घालू दिली नाही, ती! ‘काचा असतात, वर जाऊन तूही घालून ये,’ म्हणालात. १९७८ आणि २०११ चे दोन्ही भूकंप पाहिलेल्या माणसाचं ते शहाणपण. फोनवरच्या सूचना मी तुम्हाला वाचून दाखवल्या, एकही शब्द न अडता. तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणालात.

शिरोइशी-झाओजवळ शिंकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, गाडी रुळांवरून घसरल्यामुळे मार्ग बंद आहे. पदवीदान झालं की मी बसने तोक्योला जाईन. १ एप्रिलला नोकरी सुरू. मे महिन्यातल्या सुट्टीत येते आणि कांदेपोहे करून घालते. फोडणीला खिडकी उघडी ठेवीन.

माझ्या खोलीसाठी आमच्या लॅबमधल्या व्हिएतनामी मुलीचं विचारलं, तर तुम्ही लगेच हो म्हणालात. तिलाही तुम्ही फक्त थंडीचंच विचारलंत. तिचं जपानी माझ्या तेव्हाच्या जपानीपेक्षाही कच्चं आहे, ओओयासान. जास्तीच्या पेन्सिली आणून ठेवते.

तुमची,
वरच्या खोलीतली